रस्ता चुकवणारी आत्या

आत्यासोबत नव्या शहरात जाणं ही शिक्षा होती, आणि आमच्या घरात ती नेमकी माझ्याच वाट्याला यायची. स्टेशनाबाहेर पडलं की सगळी माणसं जिकडे वळत, त्याच्या बरोबर उलट्या बाजूला ती चालू लागे. खांद्याला कापडी पिशवी, चेहऱ्यावर शाळा सुटल्याचा आनंद. मागून दोन बॅगा ओढत मी. आधी सामान टाकावं, तोंड धुवावं, चहा घ्यावा, ही चारचौघांची रीत तिला मान्यच नव्हती. "हॉटेल काय पळून चाललंय का? तू चल तर खरी," ती म्हणे.

उज्जैनला माधव नगरच्या शाळेत तिने जन्मभर भूगोल शिकवला. मुलींच्या नकाशात नर्मदा जराशी सरकली तरी गुण कापणारी ही बाई प्रवासात नकाशाला हात लावत नसे. कुणाला रस्ता विचारू देत नसे. जयपूरला आम्ही तासन्‌तास भटकून महालापाशी पोहोचलो, तर दार बंद होत होतं. मला रडू यायचंच बाकी होतं. आत्या मात्र वाटेत लाखेच्या बांगड्या करणाऱ्या बाईकडे बसून तिच्या सुनेची सगळी कथा ऐकून आली होती. "महाल उद्या पण राहील. ती बाई उद्या अशी बोलेल का?" उद्या आमची परतीची गाडी होती, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

पुण्याने तर कहर केला. नातेवाइकांची रांग होती, पण ती कुणाकडे जेवायला जाईना. सकाळीच मला घेऊन कुठल्याशा पेठेत शिरली आणि एका दुकानात उज्जैनच्या सवयीने म्हणाली, "दादा, पोह्यांवर सेव जास्त टाका, आणि सोबत जलेबी भेटेल का?" दुकानदाराने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि उत्तर हिंदीत दिलं, "जलेबी नहीं मिलेगी, माताजी." माझा तिळपापड झाला. पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनला राहून घरात मराठी जपायची, तिथे लोकांनी आम्हाला महाराष्ट्रातले म्हणायचं, आणि पुण्यात ही पत. मी तावातावाने बोलायला गेले तर आत्याने माझा हात दाबला. बाहेर येऊन म्हणाली, "बोलू नकोस गं. इथे आपल्याला कुणी ओळखत नाही. आता फिरायला मजा येईल." मला त्या दिवशी कसलीही मजा आली नाही.

पुढे तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चालणं बंद केलं, तरी एक नवं शहर बघायचंच हा हट्ट. मी लखनौची तिकिटं काढली, तिथे फिरायला गाडी ठरवते म्हटलं. "गाडीत बसून बघायचं तर घरी टीव्ही आहे," म्हणत लखनौच्या स्टेशनावरून पायीच निघाली. पहिल्या वळणावरच्या चहावाल्याच्या बाकापर्यंत जेमतेम पोहोचली आणि बसली. बराच वेळ गुडघे चोळत राहिली. मग म्हणाली, "आता माझ्याकडून नाही होणार. तू फिरून ये आणि मला सांग."

मी फोनवरच्या नकाशाने सगळं नीट बघून दुपारी परतले आणि सांगितलं. तिने ते घोकंपट्टी ऐकावी तसं ऐकलं. "हे तर मी वर्गात लिहून द्यायची. चुकलीस कुठे ते सांग." कुठेच नाही, मी म्हटलं. तिने हात पुढे केला. "फोन इकडे दे."

संताप आला. फोन तिच्या हातात आपटून निघाले आणि पाचव्या मिनिटाला हरवले. चांदीचा वर्ख कुटणारे दिसले, बकरीला रागावणारे एक आजोबा दिसले. एका खिडकीतून बाई ओरडली, "आगे रास्ता नहीं है, बेटा," आणि तिने मला आपल्या अंगणातून पलीकडच्या गल्लीत काढून दिलं, तेही पाणी पाजून. बाकापाशी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि आमची परतीची गाडी सुटून गेली होती.

"फोन तुझ्याकडे, गाडी गेली, आणि तू चहा पीत बसलीयेस," मी जवळजवळ रडतच म्हणाले. तिने सरकून जागा करून दिली. "गाडी उद्या पण आहे. काय झालं ते सांग." मी चिडून सगळं सांगत गेले. मध्येच ती अडवायची. "थांब. अंगणात काय होतं? पाणी कशात दिलं?" बाकाखाली तिचे सुजलेले पाय चपलेत हळूहळू हलत होते. ते पाहिलं आणि मग मला घाईने सांगवेना.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. मी अजून फिरते. फोन हातात असतो, तरी रस्ता चुकतोच, ही खोड तीच लावून गेली. उज्जैनला परतते तेव्हा सांगायला इतकं असतं की घर येईपर्यंत दम निघत नाही. घरचे विचारतात, "काय काय पाहिलंस?" मी चार प्रसिद्ध ठिकाणांची नावं घेते. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.