कोठडीतले दिवस

राजापेठेत आमच्या शेजारी एक काकाजी एकटेच राहतात. बायको गेली, तरी बाहेर पडताना ते रिकाम्या घरात वळून "येतो बरं" म्हणतात आणि मगच कुलूप लावतात.

एका संध्याकाळी माझी मुलगी अंगणात भाषण पाठ करत होती, 'विद्यार्थ्यांनी राष्ट्रपुरुषाचं चरित्र का अभ्यासावं?' एका क्रांतिकारकाचं उदाहरण देऊन त्याचं शौर्य, तुरुंगवास, त्याग, देशप्रेम, सगळं घडाघडा म्हणून झालं. कुंपणापलीकडून काकाजींनी विचारलं, "पोरी, जेलात एकटा असताना दिवसभर काय करे तो मानूस?"

"ते भाषणात नाही, काकाजी."

"मंग कावून वाचाचं चरित्र? एकट्यानं दिवस कसा काढाचा, थे कोन शिकवते?"

मुलगी खट्टू झाली. पण रविवारी शाळेतलं त्या क्रांतिकारकाचं जाडजूड चरित्र घेऊन त्यांच्या ओट्यावर बसली. मीही गेले. तिने तुरुंगाचं प्रकरण वाचून दाखवलं. तो कोठडीत येरझारा घालायचा, मोठ्याने गाणी म्हणायचा, मुंग्यांना भाकरीचा चुरा टाकायचा. मुंग्यांचं ऐकून काकाजी हसले.

मग त्यांनी हळूच विचारलं, "सुटून आल्यावर घरी होतं का कोनी त्याच्या?"

मुलीने पान उलटलं. तिथे स्टेशनवरची गर्दी होती, हारतुरे होते. घराचं काहीच नव्हतं. काकाजी वाट पाहत होते, म्हणून ती पुढची पानं चाळतच राहिली.