गाडी थंड होईपर्यंत

तिसऱ्या तासाला मी मुलांना शुद्धलेखन घालत होतो, तेवढ्यात शाळेच्या आवारात फटफटीचा आवाज आला. हा आवाज धुळ्यात मी कुठेही ओळखला असता. चढावर धाप लागल्यासारखा, मध्येच एक ठोका गिळणारा. हिरामण तापाने पडला आहे एवढं कळलं होतं, म्हणून मला वाटलं, बरा झालेला दिसतोय गडी. खडू हातात तसाच ठेवून मी हसत बाहेर आलो. फटफटीवर त्याचा धाकटा भाऊ सुकलाल बसला होता. तो उतरला नाही, नुसती मान खाली घातली... आणि मला विचारावं लागलं नाही.

त्याला जाऊन आता पाच आठवडे झाले. हिरामण मिस्त्री म्हटलं तर वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांपैकी फारच थोड्यांना काही आठवेल. व्यासपीठावर तो कधी चढला नाही, हारात कधी त्याची मान गेली नाही. पण युद्धाच्या आधीच्या त्या वर्षांत धुळे, पारोळा, अमळनेर या बाजूला ज्या सभा झाल्या, त्यांतल्या निम्म्या सभांना वक्ता वेळेवर पोचला तो हिरामणमुळे. तो वक्ता बहुधा मी असे, आणि मी किती बोलतो हे ज्यांना ठाऊक आहे ते म्हणतील, त्याने पोचवलं नसतं तर बरं झालं असतं!

आम्ही पारोळ्याच्या वाटेवरच्या एकाच गावचे. चौथीपर्यंत एका पाटीवर लिहिलं. पुढे मी शिकत शिकत धुळ्याच्या देवपुरात मास्तर झालो आणि तो तिथल्याच कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री. एका गोऱ्या साहेबाने मोडीत काढलेली फटफटी त्याने भंगारातून उचलली आणि वर्षभर रोज संध्याकाळी खटपट करून ती चालती केली. मागच्या कॅरिअरवर त्याच्या बायकोने जुन्या गोधडीची चौपदरी घडी शिवून दिली होती. ती माझी जागा. सभेला जाताना मी मनातल्या मनात भाषण घोळवत असे. खरी मजा परतीची. दोन्ही बाजूंना कपाशी, पुढे बैलगाड्यांची रांग, आमच्या आवाजाने बुजणारे बैल आणि त्यावरून गाडीवानांनी हिरामणला घातलेल्या शिव्या. फटफटी चालू असताना बोलणं शक्यच नव्हतं, कानात फक्त फटफट. म्हणून बोलायचं ते थांब्यावर.

थांबा ठरलेला होता. पारोळ्याहून येताना विहिरीशेजारी एक जुना निंब लागतो. तिथे आलं की हिरामण गाडी बंद करायचा आणि म्हणायचा, "गाडी तपनी शे मास्तर, जरा थंडी व्हऊ दे." मग फडक्यातली कळण्याची भाकर आणि ठेचा निघे, त्याची बिडी पेटे, आणि माझ्या भाषणाची चिरफाड सुरू होई. सभेत तो सगळ्यांत मागे, गाड्या सोडलेल्या असत तिथे, बायाबापड्यांत उभा राही. पुढच्या रांगेतले टाळ्या वाजवत. मागे काय चाललं होतं, ते मला हिरामणकडून कळे. कोण पेंगलं, कोण उठून गेलं, कुठल्या वाक्याला म्हाताऱ्याने मान डोलवली. यासाठी त्याने एक कायदाही केला होता. गाडी थंड होईपर्यंत काहीही बोलावं, समोरच्याने ऐकून घ्यावं. "किक मारी का बठ्ठं इसरी जावानं." किक मारली की सगळं विसरायचं. तो हा कायदा पाळायचा. मीही पाळत होतो, एक दिवस सोडून.

त्या दिवशी मी तासभर बोललो होतो. जबाबदार राज्यपद्धती, राष्ट्राचं आत्मभान, असलं बरंच काही. स्वतःवर खूश होतो. निंबाखाली भाकरीचा घास मोडत विचारलं, "कसं झालं?" तर हिरामण आधीच हसत होता. "मास्तर, मना जोडे एक म्हातारी उभी व्हती. तुनं बठ्ठं भाषण तिनी आयकं. मंग माले इचारस, हाऊ बाबा काय इकस रे?"

म्हातारीने विचारलं होतं, हा बाबा विकतो काय!

आज लिहितानाही मला हसू येतं. तेव्हा आलं नाही. वर तो म्हणाला, "तुनी माय घरमा जशी बोलस, तशी बोल ना सभामा." हे तर फारच झोंबलं. एवढा शिकलो, पुण्याच्या पाहुण्यांसमोर शुद्ध बोलतो, आणि हा मला सभेत अहिराणी बोलायला सांगतो! मी म्हणालो, "तू गाडी चालव. भाषणाचं माझं मी बघतो."

हिरामण बिडी पार चटका बसेपर्यंत ओढणारा माणूस. त्याने अर्धी बिडी टाकून दिली, फडकं झटकलं आणि किक मारली.

पुढच्या सभेला तो ठरल्या वेळी दारात हजर. निंबाखाली थांबलोही. "कसं झालं?" मी विचारलं. तो म्हणाला, "चांगलं झायं, मास्तर." त्याच्या पुढच्या वेळीही चांगलं झायं. त्याच्याही पुढच्या वेळी. आणि मी असा शहाणा की बरेच महिने मला वाटत होतं, आपली भाषणं सुधारली! गाढवाला गुळाची चव काय म्हणतात ते उगीच नाही. कळलं तेव्हा माफी मागायची लाज वाटली. मग युद्ध आलं, पेट्रोल मिळेना, फटफटी पत्र्याच्या छपरीत उभी राहिली, आणि मला आयतीच सबब मिळाली. दोन गोड शब्द बोलायला फटफटी लागत नाही, जिनिंग माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं होतं. पण गेलो नाही.

यंदा पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्याचा झेंडा लागला त्या सकाळी आमच्या गावी मला बोलावलं होतं. हिरामणच छपरीतली फटफटी काढून घेऊन गेला. परतताना पावसाची उघडीप होती. निंबाखाली तो नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळला. एक बिडी झाली, दुसरी पेटवली. मी सवयीने विचारलं, "कसं झालं?" त्याने बिडीची राख झटकली. मग म्हणाला, "मास्तर... सांगू का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा! आणि मी घड्याळ पाहिलं. दोन वाजता शाळेत झेंड्याचा कार्यक्रम होता, तिथेही माझंच भाषण. म्हणालो, "चल, उशीर होतोय. उद्या सांग."

तो हसला आणि त्याने किक मारली. त्यानंतर आमची भेट झाली ती मी त्याला खांदा द्यायला गेलो तेव्हा. तो काय सांगणार होता, मला माहीत नाही. मला ते हवं आहे. शिवी असली तरी हवं आहे.

गेल्या रविवारी गावात त्याची शोकसभा झाली. मी बोललो. दोन वाक्यं अहिराणीत म्हणायची ठरवून गेलो होतो, पण उभा राहिलो आणि तोंडातून निघाले ते 'निरलस' आणि 'कर्तव्यनिष्ठ'. मागे गाड्यांपाशी पाहिलं, तिथे काही बाया पदर सावरत उभ्या होत्या. त्यांनी कुणाला काय विचारलं असेल, देव जाणे.

येताना सुकलालने मला फटफटीवर घेतलं. गोधडीची घडी तीच. निंब दिसला तसा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून ओरडलो, "थांब, गाडी तापली असेल." त्याने थांबवली, पण नवलाने माझ्याकडे पाहिलं. "हाई गाडी? हाई कधीच तपस नही, नाना. दादानी ती तशीच बनाडेल शे. धुयाथून गावपावत मी एकदा बी थांबस नही."

मी कॅरिअरला धरून उभा राहिलो. सगळी वर्षं... एकदाही गरज नव्हती तर. तो माझ्यासाठी थांबत होता, आणि त्या शेवटच्या दुपारीही माझ्यासाठीच थांबला होता.

"सुकलाल," मी विचारलं, "माझं भाषण कसं झालं?"

त्याने मान खाली घातली. "चांगलं झायं, नाना."

आणि किकवर पाय ठेवला.

"नको," मी म्हणालो. "गाडी तपनी शे. जरा थंडी व्हऊ दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि पाय काढून घेतला.