गाठीच्या वरचा कोंब

गवत माझ्या कमरेला लागलं तेव्हा मी ह्यांना म्हटलं, आता आपण इथं राहायचं नाही. म्हटलं आणि लगेच गप्प झाले, कारण जायचं कुठं?

आमची खोली विद्यापीठाच्या केंद्रात आहे, मालवणच्या अलीकडे, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर. काजूची कलमं करतात तिथं, म्हणजे करायचे. हे तिथं शिपाई, कंत्राटावर. मी लग्न होऊन आले तेव्हा क्वार्टरच्या सहाही खोल्यांत माणसं होती, संध्याकाळी कुणाच्या घरी कसलं सार शिजतंय ते वासावरून कळायचं. मग एक साहेब रिटायर झाले, त्यांच्या जागी कोण आलंच नाही. मग क्लार्क गेला, मग पंपवाला. वरून सरकारनं विद्यापीठाचे पैसे कमी केले म्हणे, म्हणून भरती बंद, रोजंदारीचे गडी बंद. माणूस गेला तरी त्याचं काम जात नाही ना, ते ह्यांच्या अंगावर यायचं. हेच शिपाई, हेच राखणदार, पंप हेच लावणार आणि टपाल घेऊन एसटीनं ओरोसला हेच जाणार. जीप विटांवर उभी. सर एकच उरले, त्यांच्याकडे तीन केंद्रांचा चार्ज, आमच्याकडे ते फक्त मंगळवारी यायचे, स्वतःच्या मोटारसायकलवरून.

पाच खोल्यांना कुलपं आणि मधल्या एका खोलीत आम्ही तिघं. माझी मुलगी तेव्हा नुकती रांगायला लागली होती.

सर चांगले होते. एकदा चहा पिताना खालच्या बागेकडे बोट दाखवून मला म्हणाले, "वहिनी, ती बाग आहे ना, ती आहे तोवर हे केंद्र आहे. त्यातल्या काही ओळींतलं वाण दुसरीकडं कुठंच नाही, अजून त्याला नाव पण मिळालं नाही. ते तपासून होईपर्यंत आम्हाला कुणी बंद करू शकत नाही. बाग गेली की मात्र इथं कुलूप."

तेव्हापासून मी त्या झाडांकडे माझ्या घराच्या खांबांकडे बघावं तशी बघायची. प्रत्येक झाडाला पत्र्याची पट्टी, तिच्यावर नंबर. वारा आला की त्या पट्ट्या खडखडायच्या.

आधी दारासमोरच्या पायरीवर सापाची कात दिसली. ह्यांनी काठीनं उचलून लांब टाकली, म्हणाले धामणीची असेल. मला ते पटलं नाही. मग एक दिवस कपडे धुवायच्या दगडाजवळ मी बालदी उचलली तर खाली फुरसं. वेटोळं करून घासत होतं अंग, तो आवाज मला अजून ऐकू येतो. मुलगी माझ्यापासून दोन हातांवर बसलेली, साबणाचा फेस धरत होती. मी तिला उचलून कुठं पळाले ते मलाच आठवत नाही. काकीनं दांड्यानं मारलं ते. काकी म्हणजे खालच्या वाडीतली बाई, तिनं पंचवीस वर्षं ह्याच बागेत काम केलेलं. आता रोजंदारी बंद झाली तरी सकाळी यायची, चहाला आणि माझ्या मुलीला घ्यायला.

"फुरसा एकटा रवणा नाय गो," काकी दांडा पुसत म्हणाली. "हय गवतात आणखी आसतली."

"काकी, भय घालू नको."

"भय मी नाय घालूक. गवात घालता."

ह्यांनी सरांना सांगितलं, सरांनी वर पत्र लिहिलं, गवत कापायला आणि बागेच्या कडेचा पट्टा काढायला दोन माणसं द्या म्हणून. हा पट्टा दर वर्षी दिवाळीनंतर काढायचे, बागेभोवती गवत खरवडून जमीन उघडी करायची, म्हणजे वणवा आला तरी आत शिरत नाही. महिन्यानं उत्तर आलं. ह्यांनी ते दारात उभं राहून वाचून दाखवलं, 'निधी उपलब्ध नाही, उपलब्ध मनुष्यबळात काम करावे.'

"मनुष्यबळ म्हणजे तूच मा रे?" काकी ह्यांना म्हणाली. "मगे दाखव बळ."

हसलो आम्ही. ह्यांनी दोन रविवार कोयता चालवला, आमच्या अंगणापुरतं गवत पडलं, बाकी तसंच. बंद खोल्यांच्या दारांना ते टेकलेलं, तीन पावसाळ्यांचं, पिवळं होऊन वाळलेलं. मुलगी चालायला लागली. मी तिला खाली सोडायचंच बंद केलं. सगळा दिवस कडेवर घेऊन स्वयंपाक, कडेवर घेऊन केर. ती पाय झाडायची, रडायची, आणि मी दिवसातून दहा वेळा खाटेखाली वाकून बघायची.

माझं माहेर कुडाळच्या आत, डोंगराच्या पायथ्याला. तिथं पावसाआधी तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जमीन भाजतात, पालापाचोळा पसरून. दहा वर्षांची असल्यापासून मी हिरवा टाळ, पानांची ओली फांदी, हातात घेऊन आगीच्या कडेला उभी राहिलेय. नववीला शाळा सुटली ती पण ह्याच कामांसाठी. बाकी काही येत नसलं तरी आग कशी लावायची आणि कशी आवरायची हे मला येतं, असं मी धरून चालले होते.

हे टपाल घेऊन ओरोसला गेले त्या सकाळी मी काकीकडे मुलगी दिली आणि गवताला काडी लावली.

"वारो बघ गो," काकी म्हणाली.

मी बघितला. पान हलत नव्हतं. पण माझ्या माहेरी खोलगटात वारा दुपारी येतो, सड्यावर तो दहालाच समुद्रावरून चढतो. पाच वर्षं तो वारा मी रोज अंगावर घेत होते, तरी त्या सकाळी मला माहेरचंच आठवलं. पहिल्यांदा आग बरी चालली, खोल्यांच्या बाजूनं, हळूहळू, मी टाळानं मारत मारत. मग माझ्या मागून पदर उडाला आणि मला कळलं. आग वळली नाही, उडाली. पट्टा काढलेला नव्हता, तिला अडवायला मधे काहीच नव्हतं. ऑफिसच्या पडवीतला आग विझवायचा लाल सिलिंडर मी ओढून आणला, दाबला, त्यातून नुसती हवा आली. काजू मोहरलेले होते. खालचा पाचोळा पेटला आणि मोहोर वरच्या वर करपला, त्याचा गोड वास धुरात मिसळला, तो वास मला अजून जेवताना येतो.

वाडीतली माणसं धावत आली म्हणून दोनच ओळी गेल्या.

हे दुपारच्या गाडीनं आले. काळ्या झाडांमधून चालत गेले आणि खाली पडलेल्या पट्ट्या एकेक उचलून, फुंकून, नंबर वाचत राहिले. नावाशिवायचं ते वाण ह्याच दोन ओळींत होतं.

"सांगा, रस्त्यावरसून कोणीतरी बिडी टाकल्यान," काकी म्हणाली.

ह्यांनी उचललेल्या पट्ट्या पुसून एका डब्यात भरल्या.

मंगळवारी सर आले, बाग बघितली, टोपी काढून हातात धरली. मी ठरवलं होतं बिडी म्हणायचं, पण त्यांनी माझ्या मुलीला हाक मारली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, आग मी लावली. फुरशाच्या भयानं."

सरांनी टोपी परत डोक्यावर घातली.

"वहिनी, तुम्ही आत जा. मी काही ऐकलेलं नाही." मग ह्यांना म्हणाले, "दोन माणसं मागितल्याचं पत्र फाईलला आहे ना? ते जपून ठेवा. पावसाआधी समिती येणार आहे, कुठली केंद्रं ठेवायची ते बघायला. पाणी घाला. निदान हिरवं दिसलं पाहिजे."

मी घातलं पाणी. दिवसातून दोनदा, विहिरीपासून हंडे वाहून. मुलीला आता राखेत खाली सोडायची, कारण जमीन उघडी झाली होती, खडा न् खडा दिसत होता. आणि महिनाभरानं एका बुंध्याला तांबडे कोंब आले. मग दुसऱ्याला. आठवड्यात दोन्ही ओळी फुटल्या. मी ह्यांना हात धरून घेऊन गेले, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

हे गुडघ्यावर बसले, बुंध्यावरून बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"ही गाठ बघ. हय कलम बांधलेला. गाठीच्या वयलां ता वाण, खालचा गावठी." बोट खाली आलं. "सगळे कोंब खालसून इले हत."

"पानां तर तशीच दिसतत."

"दिसतत तशीच. काजू वायलो लागतलो, गावठीच."

ह्यांचं म्हणणं, खालचे कोंब मोडायला पाहिजेत, ते सगळी ताकद खातात, ते असले तर गाठीवर काही यायचं नाही. सरांना फोन लावला. सर म्हणाले, राहू द्या, समितीला हिरवं दिसू द्या.

"पण सर, त्यांना कळलं तर?" ह्यांनी विचारलं.

"कळणारा माणूस आता उरलाय कुठं?"

तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. पण मला ती पाच कुलपं आठवली.

समिती ह्या शुक्रवारी येणार. पट्ट्या ह्यांनी नव्या रंगवून बांधल्यात. मी रोज सकाळी मुलीला कडेवर घेऊन एकेका झाडाची गाठ बघते, गाठीच्या वर बघते. काल फाटकाकडच्या ओळीतल्या एका झाडाला, गाठीच्या चार बोटं वर, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी फुगलेलं दिसलं. साल असेल, कीड असेल. मी हात लावला नाही. ह्यांना पण सांगितलं नाही.

आज मी त्या एका झाडाचे खालचे सगळे कोंब मोडले. बाकीच्यांना हात लावला नाही, तेवढी हिंमत नाही माझ्यात. आता हिरव्या ओळीत ते एकच झाड काळं उभं आहे, शुक्रवारी फाटकातून आत आलं की पहिलं तेच दिसेल. मोडलेला एक कोंब मुलीनं मुठीत घट्ट धरलाय, सोडत नाही. मी तिला खाली ठेवायला वाकले, जमीन साफ होती, तरी ठेवली नाही.