ओटीतला रुपया

आमच्या घरात कॉलेजाची पायरी चढलेला मी पहिला. बाबांची हिंगणघाटजवळ वांग्यांची आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, वाडी होती आणि मी बी.कॉम. होऊन एका पतसंस्थेच्या कॅश काउंटरवर बसलो. नोकरी लहान होती, पण मला तिचा अभिमान होता, आजही आहे. तिथेच चुकलेली नाणी ओळखायचा नाद लागला. एखाद्या रुपयावरचा छाप सरकलेला असायचा आणि कडेला कोरी चंद्रकोर राहिलेली. एखादा उलटवला की मागचा आकडा तिरपा. तसा रुपया दिसला की माझ्या खिशातला चांगला रुपया गल्ल्यात टाकायचा आणि तो ठेवून घ्यायचा. घड्याळजीकडून घेतलेलं भिंग खिशात असायचंच. नागपूरला अशा नाण्यांचे शौकीन भेटत, बाकीचं त्यांच्याकडून शिकलो.

बहिणीचं साक्षगंध घरीच होतं. मुलगा तळेगावचा, त्याच्या वडिलांचं किराणा दुकान. बहीण पाटावर बसली. होणाऱ्या सासूने साडी दिली आणि तांदूळ, सुपारी, नारळ घालून ओटी भरली. सासऱ्याने खिशातून रुपया काढून बायकोच्या हातात दिला, तोही पदरात पडला. माझ्या आत्याची नजर तिखट. तिने तो रुपया उचलला, उलटवला, परत उलटवला.

"अवं माय! दोन्हीकून छापाच! हा तं जुगारातला रुपया हाय."

मुलाचे वडील उठले. "आमी खोटा पैसा देतो म्हनता? दुकान हाय आमचं, जुगाराचा अड्डा नाई." ते चपला घालू लागले. बाबा हात जोडून मागे धावले, "बसा जी, बसा. बोलून गेली ते."

मी रुपया हातात घेतला. एका बाजूला नेहमीचे उठावाचे सिंह. दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण आत खोल गेलेले, आणि 'भारत' आरशात दिसावं तसं उलटं. भिंगातून कड फिरवून पाहिली. दोन नाणी कापून जोडली असती तर सांधा दिसला असता. सांधा नव्हता.

चुलीजवळ पुऱ्यांची कणीक मळून ठेवली होती. मी एक गोळा आणला, खिशातला साधा रुपया सिंहाच्या बाजूने त्यात दाबला आणि उचलला. कणकेत तसेच खोल, उलटे सिंह उमटले. गोळा मुलाच्या वडिलांपुढे धरला.

"पाहा मामाजी. टाकसाळीत आधीचा रुपया साच्याले चिकटून राह्यला. त्याच्यावर दुसरी कोरी चकती आली, अन् आकड्याच्या जागी तिले या पहिल्या रुपयाचे सिंह लागले. रुपया सरकारचाच हाय. टाकसाळ चुकली, तुमी नाई चुकले."

सगळे कणकेच्या गोळ्याभोवती जमले. मुलाच्या वडिलांनी चपला काढल्या. आत्या म्हणाली, "मले काय मालूम? मी काय टाकसाळीत गेलती?" आणि हशा पिकला. मी रुपया परत बहिणीच्या पदरात ठेवला.

"भाऊ," मुलाच्या वडिलांनी विचारलं, "याले किंमत असन मंग?"

"असते तं. नागपूरचे शौकीन हजारही देतात."

ते बायकोकडे वळले. "काढ थो. पोरीले दुसरा दे."

"ओटीतला?" ती माउली थबकली.

"त्यात काय हाय? रुपयाच्या बदल्यात रुपया."

तिने बहिणीच्या तोंडाकडे न पाहता पदरात हात घातला, तो रुपया काढला, दुसरा टाकला. मुलगा हसला. त्याच्यामागे बाकीचे हसले. बहीण मान खाली घालून बसली होती.

पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, "भाऊ, खोटा असता तं माह्याजवळच राह्यला असता, नाई?"

मी भिंग खिशात टाकलं. ती थांबली नाही.

"माह्या पदरात हात घातला, अन् मले कोनी विचारलंबी नाई. थो पोरगा तं हासून राह्यला होता. मले त्या घरी नाई जायचं."

बाबा भडकले. "एका रुपयापायी सोयरीक तोडतं काय? लोक काय म्हनतीन?" मी बहिणीच्या बाजूने बोललो, तर माझ्यावरही आवाज चढला. शेवटी आत्याच म्हणाली, "दादा, ओटीतलं कोनी काढत नाई." त्यानंतर कितीतरी दिवस बाबा जेवण वाडीवरच मागवायचे. एका सकाळी बाबा वाडीकडे निघता निघता थांबले. "मी शब्द देला, मी नाई जात. तू शिकला ना? तूच जाय सांगाले."

मी साडी, नारळ आणि तो बदललेला रुपया पिशवीत घालून तळेगावची बस पकडली.

"या भाऊ!" दुकानातून मुलाच्या वडिलांची हाक आली. "नागपूरचं गिऱ्हाईक आनलं का?"

मी पिशवीतलं सगळं काउंटरवर मांडलं. "हे सोयरीक आमाले नाई करायची," एवढंच म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. साडीची घडी चाचपली. मग रुपया उचलला, एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली आणि गल्ल्यात टाकला.

पुढे जे जे स्थळ आलं, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: मागची काऊन तुटली? दरवेळी बाबा उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहायचे.

त्या दिवशी मी तळेगावहून परतलो तेव्हा बहीण ओट्यावर सांबाराच्या जुड्या बांधत होती.

"घेतलं त्यायनं?"

"घेतलं."

"रुपया पाह्यला?"

"पाह्यला. दोन्हीकून."

तिने मान हलवली आणि पुढची जुडी हातात घेतली.