रेनातोचा न दाखवलेला शेवट

आमच्या धंद्यात काम कमी आणि थांबणं जास्त. परमिट येईपर्यंत थांबा, ऊन उतरेपर्यंत थांबा, क्लायंटचं जेवण आटपेपर्यंत थांबा. मग माणसं करणार काय? मेकअपच्या खुर्चीत बसून बोलणार! इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका छोट्याशा ॲड फिल्म कंपनीत मी नऊ वर्षं प्रॉडक्शन सांभाळतेय. फाइल्स दरवर्षी डिलीट होतात, किस्से मात्र साचत जातात. आणि त्यातले निम्मे एकट्या रेनातोचे.

रेनातो ब्राझीलचा नट. वय अडुसष्ट. बायको गेली तसा इकडे अल बर्शाला लेकीकडे राहायला आला. घरात बसवेना म्हणून आमच्याकडे ऑडिशनला आला आणि आमचाच होऊन गेला. तीन वर्षांत आम्ही त्याला इटालियन शेफ केलं, ग्रीक खलाशी केलं, लेबनीज आजोबासुद्धा केलं. एकदा एका क्लायंटला ब्राझिलियन म्हातारा हवा होता. मी आनंदाने रेनातोला उभं केलं. क्लायंटने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हा नको. ब्राझिलियन वाटत नाही!"

रेनातो शांतपणे "थँक यू" म्हणाला आणि मेट्रो पकडून घरी गेला.

*

तिकडे ब्राझीलमध्ये मात्र त्याला न ओळखणारं घर नव्हतं. आधी सिनेमात बारीकसारीक कामं केली, मग एका सिरियलमध्ये व्हिलन झाला. अनाथ पुतणीचं घर लाटणारा काका, जाड काळी मिशी. सगळा देश रोज बघायचा. बाजारात मासेवाली त्याला मासे देईना. "आधी पोरीचं घर परत दे!"

मासेवालीचं सोडा, खुद्द त्याची आई त्याला जेवायला वाढेना!

"मी म्हणायचो, आई, ती सिरियल आहे," रेनातो सांगत होता. "ती म्हणायची, माहीत आहे मला. तरी आज वाढणार नाही."

आमचे मेकअपवाले मोरेकाका हे ऐकून पफ हातात धरून उभेच राहिले. मूळचे डोंबिवलीचे, बोलणं मोजकं. म्हणाले, "याच्यापेक्षा मोठं अवॉर्ड नाय रे बाबा."

*

त्या सिरियलची एक पद्धत होती. शेवट बाहेर फुटू नये म्हणून शेवटच्या भागाचे तीन शेवट शूट करायचे. कोणता दाखवणार, ते नटालासुद्धा टीव्हीवरच कळायचं.

पहिल्या शेवटात काकाला पोलीस नेतात. दुसऱ्यात तो पुतणीसमोर गुडघे टेकतो, खिशातून घराची किल्ली काढून तिच्यापुढे ठेवतो आणि माफी मागतो. तिसऱ्यात तो विमानात बसून हसत हसत पळून जातो.

दाखवला तिसरा.

"दुसरा शूट झाला तेव्हा लाइटवाले रडत होते," रेनातो म्हणाला. "जन्मात एकदाच तसं काम झालं माझ्या हातून. आणि ते कोणीच पाहिलं नाही."

हे तो नेहमी हसत सांगायचा, पण ते हसणं मला कधीच खरं वाटलं नाही.

*

एकदा तो कॉलटाइमला पाऊण तास उशिरा आला. सॉरी म्हणाला. मोरेकाका फुगूनच बसले होते. "सॉरी क्या? हमारे में कान पकडते हैं!" आणि स्वतःचे कान धरून दाखवले.

रेनातोला ते इतकं आवडलं की विचारू नका. पुढे तो उठसूट कान धरायला लागला. लिफ्टमध्ये धक्का लागला की कान, सिक्युरिटीवाल्याने पास मागितला की कान. आमचा लेबनीज डिरेक्टर वैतागून ओरडला, "हबीबी, खलास! माफ केलं, आता शॉट दे!"

*

गेल्या वर्षी त्याचा आवाज बसला. डॉक्टर म्हणाले, घशाचं ऑपरेशन करावं लागेल, आवाज परत येईल की नाही सांगता येत नाही. आदल्या दिवशी तो ऑफिसात आला आणि मेकअपच्या खुर्चीत नुसताच बसून राहिला.

"आवाज गेला की नट गेला," घोगऱ्या आवाजात म्हणाला.

मोरेकाका म्हणाले, "अरे, तेरी सिरियल डब होऊन इतक्या देशांत गेली. तिथे तू दुसऱ्याच्याच आवाजात बोललास ना? तेरे को किसने रोका?"

रेनातो हसला. पण ऑपरेशननंतर आवाज गेला तो गेलाच.

*

आणि आता हा गेल्या महिन्यातला किस्सा.

एका जाहिरातीत एक शब्दही नसलेलं काम निघालं. मी लगेच रेनातोला बोलावलं. मोरेकाकांनी त्याचे केस काळे केले, जाड काळी मिशी चिकटवली. परमिटला वेळ होता, म्हणून आम्ही तिघं कराक चहा घ्यायला खाली गेलो.

खालच्या काउंटरवर गुलनारा असते, किर्गिझस्तानची. तीन वर्षं ती रेनातोला चहा देतेय. त्या दिवशी तिने मान वर केली आणि कप तिच्या हातातच राहिला.

"तू!" ती तिच्या तुटक इंग्रजीत ओरडली. "पोरीचं घर घेतलंस आणि विमानातून पळालास! मी लहान होते. माझी आई आठवडाभर शिव्या देत होती तुला!"

रेनातोने तोंड उघडलं. शब्द नाही.

मग त्याचे खांदे हळूहळू खाली आले. तो तिथेच, लॉबीच्या फरशीवर, गुडघे टेकून बसला. खिशातून त्याने किल्ली काढली, अल बर्शाच्या फ्लॅटची, आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. लिफ्टकडे निघालेली माणसं थांबली. मोरेकाका दुसरीकडे बघायला लागले. मला तर समोरचं दिसेनासं झालं.

शेवटी त्याने दोन्ही कान धरले.

गुलनाराने ती किल्ली घेतली. फोन काढला, आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्याच्याकडे वळवला. स्क्रीनवर डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी. तिने चष्मा लावला. कान धरून बसलेल्या रेनातोकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

गुलनाराने डोळे पुसले.

"म्हणते, फार वाळलाय. नीट जेवतो का, विचार त्याला."