बांधावरची हाक

आमच्या ह्यांना लकवा मारला तेव्हा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. हात थोडा परत आला. बोलणं आलं नाही.

आमच्या कापडे गावातले लोक म्हणाले, जीभ जड झालीय, मध चोळा. चोळला. अंथरुणाला मुंग्या लागल्या, बाकी काही नाही. मग एस.टी.ने महाडला नेलं. तिथल्या दवाखान्यात बोलण्याचे उपचार करणारी एक तरुण बाई यायची. तिने आधी कानाला यंत्र लावून ऐकू येतं का पाहिलं. येत होतं. जीभ बाहेर काढायला लावली, गाल फुगवायला लावले. तेही जमलं.

"मावशी, कान बरे आहेत, जीभही बरी आहे," ती म्हणाली. "काकांना सगळं कळतं. शब्द तेवढा सापडत नाही."

"कळतं ते मला ठाव हाय. बोलवा त्यांना."

तिने गाय, छत्री, घागर अशी चित्रं दाखवली. हे नुसते बघत राहिले. मग माझ्याकडे बोट करून तिने विचारलं, "ह्यांचं नाव काय?" हे घामाघूम झाले.

"बाय, ते नको विचारू," मी म्हटलं. "धड होते तेव्हा पण कधी घेतलं नाय. आमच्यात घेत नायत."

"मग हाक कशी मारायचे?"

"गो."

"कधी?"

"भूक लागली की."

हे अर्ध्या तोंडाने हसले.

तिने समजावलं, रोजच्या सवयीचं बोलणं कधीकधी आधी परत येतं. मुद्दाम विचारलं तर अडतं. "हाक मारायचे तिथेच त्यांना बसवा. आणि लगेच धावू नका. थांबा."

थांबणं मला ठाऊक नव्हतं. ह्यांनी नुसती मान वळवली तरी मी पाणी पुढे करायची.

भातकापणीच्या दिवसांत मुलाने त्यांना बांधावर नेऊन बसवलं. दुपारी मी भाकरी घेऊन समोरच्या आंब्याखाली बसले, त्यांना दिसेल अशी. त्यांनी हात हलवला. मी उठले नाही.

"काय गो, नवऱ्याला उपाशी मारतेस काय?" थोरली जाऊ ओरडली.

"तुम्ही गप कापा."

ह्यांचं तोंड रागाने लाल झालं. ओठ हलले, थांबले, परत हलले. मग आलं, "गो!"

कापणारे विळे थांबले. मी उठले. "आले, ओरडू नका," म्हटलं आणि भाकरी नेली.

पुढे 'पाणी' आलं, 'नाय' आलं, बैलाला द्यायची शिवी अख्खी आली. माझं नाव आलं नाही. त्या बाईने विचारलं नसतं तर ते ऐकावं असं मला कधी वाटलंही नसतं.

आता हे नाहीत. मुलाला भाकरी हवी असली की तो सुनेला मोबाइल लावतो. मी दुपारची अजून त्या आंब्याखाली बसते. खालच्या शेतातला गडी बायकोला "गो" म्हणून हाक मारतो आणि ती लगेच टोपली उचलून पळते. मला तिला सांगावंसं वाटतं, थांब जरा, आणखी एकदा मारू दे.