विड्यावरची दोन नाणी

विड्याची सुकलेली पानं दिसली की ती केस आजही आठवते. मी तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातल्या एका लहान पोलीस ठाण्यात डिटेक्टिव्ह होते.

शेजारच्या तीन गावांनी आपल्या बाजारांसाठी मिळून एक चलन काढायचं ठरवलं होतं. एकाचं आणि पाचाचं, अशी दोन नाणी. व्यास, जाडी, वजन, मिश्रधातू, कडा, सगळं समितीने ठरवलं. दोन मूळ नमुने टाउन हॉलच्या कुलूपबंद कपाटात एका डबीत होते. त्यांना हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, कारण टांकसाळ त्यांवरूनच मापं घेणार होती. पाठवायच्या दिवशी डबी उघडली, तर रिकामी.

कुलूप शाबूत होतं, म्हणजे किल्लीवाला माणूस. बातमी वाचून एका कोरीवकाम करणाऱ्याने फोन केला. एक वयस्कर भारतीय गृहस्थ मागे येऊन विचारून गेले होते, अशा नाण्याच्या कडेला खाचा पाडून मिळतील का? समितीत भारतीय एकच होते, पुण्याचे निवृत्त धातुतज्ज्ञ. कपाटाची एक किल्ली त्यांच्याकडेही होती.

सहकारी म्हणाला, "तुझ्या गावचा दिसतोय. तूच बोल."

"माझं गाव नागपूर," मी म्हणाले, आणि त्यांना बोलावून घेतलं.

हक्क वाचून दाखवले, रेकॉर्डर लावला.

"काका, नमुने तुम्ही नेले?"

"रेकॉर्डर ऑन असताना काका म्हणतेस?"

"मग काय म्हणू?"

"आरोपी म्हण. सोपं जाईल."

"नमुने कुठे आहेत?"

"हरवले."

ज्याचं खरंच हरवलंय तो कुठे कुठे शोधलं ते सांगत सुटतो. हे चष्मा पुसायला लागले. घराची झडती घ्यायला मात्र त्यांनी लगेच सही दिली.

सहकारी कपाटं उपसत होता. मी स्वयंपाकघरात गेले. कोपऱ्यात छोटं देवघर होतं. निरांजन कोरडं, विड्याची पानं वाळून वळलेली. त्यांवर सुपारी आणि हळदीने माखलेली दोन नाणी.

"काका, काकू कुठे आहेत?"

"गेली. महिना झाला."

मग ते आपणहून बोलले. काकूंची दृष्टी गेली होती. तरी बाजारात आपली भाजी आपणच घ्यायची, असा हट्ट. "एका दिवसासाठी आणली गं. तिच्या हातात दिली. म्हणाली, अहो, ही दोन्ही सारखीच लागतात बोटांना. एकाला खाचा पाडायला सांगा. आणि नवं नाणं आधी देवाला म्हणून तिने ती विड्यावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. नमुने बिघडले. दुसऱ्या दिवशी तिला हॉस्पिटलमध्ये नेली. नंतर तो विडा मला उचलवेना."

"समितीला खाचांचं सांगायचं होतंत ना."

"कुणी हात लावून पाहिलं, असं विचारलं असतं."

मी हातमोजे घातले. ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "पानं तेवढी राहू दे." पुरावा नाण्यांचा होता. पानं मी तिथेच राहू दिली.

सरकारी वकिलांनी खटला चालवला नाही. समितीने काकांना काढलं. खाचांचं मी सचिवांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, मापं मंजूर झाली आहेत. त्याच मापांचे नवे नमुने बनले.

त्यानंतर कुठल्याही चोरीत, कुणी नेलं याच्याबरोबरच मी विचारायला लागले, कुणासाठी नेलं. गुन्हा त्याने पुसला जात नाही, पण माणूस नीट कळतो.

आता निवृत्त आहे. त्याच बाजारात भाजी आणते. पैसे देताना पर्समध्ये न बघता बोटांनी पाचाचं नाणं शोधते. दर वेळी शेवटी बघावंच लागतं.